दलाल, दस्त आणि वफा

आमच्याकडे एम.ए.ला असलेला एक विद्यार्थी आता बीड शहरात प्लॉट आणि घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करतो. भाषेचे पेपर त्याने चांगल्या गुणांनी सोडवले होते. नोकरी मिळाली नाही, तेव्हा त्याने हा व्यवसाय धरला आणि तो त्यात स्थिरावला आहे. अलीकडे आम्हा दोघांना भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, मॅडम, गिऱ्हाइकांना दर महिन्याला एक छापील पान वाटायचं ठरवलंय. गृहकर्ज झालं, वास्तुशास्त्र झालं, मुहूर्त झाले. आता विषय संपले. काही सुचवा." त्या वेळी आम्ही त्याला एवढेच सांगितले, की तुझ्या टेबलावर जे कागद पडलेले असतात त्यांतल्या शब्दांवरच लिही; वर्षभर पुरेल. प्रस्तुत लेख हा त्या सूचनेचा विस्तार आहे. जमीन हा विषय अर्थशास्त्राच्या आणि कायद्याच्या अभ्यासकांचा, हे आम्हाला मान्य आहे. पण बीडसारख्या जिल्ह्यात जमिनीचा इतिहास हा बऱ्याच अंशी भाषेचा इतिहास आहे, आणि त्या बाजूने त्याकडे फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही.

पहिला शब्द अर्थातच 'दलाल'. हा शब्द मुळात अरबी. त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखवणे, निर्देश करणे असा आहे. म्हणजे दलाल हा मूळ अर्थाने वाटाड्या. मराठीत येईपर्यंत तो बाजारातला मधला माणूस झाला आणि पुढे तर तो उघड शिवीच्या जवळ जाऊन बसला. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून बैलाचा भाव ठरवणारा दलाल आमच्या पिढीने पाहिला आहे. त्या रुमालाखालच्या भाषेत निदान तिघांनाही एकच अंकगणित येत होते. जमिनीच्या दलालाची गोष्ट निराळी आहे. तेथे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जी भाषा येत नाही त्या भाषेत कागद लिहिलेला असतो, आणि ती येत असल्याचे जो सांगतो तो मधला माणूस. बैलाच्या दलालाचे भांडवल जनावराची पारख हे होते. जमिनीच्या दलालाचे भांडवल, आमच्या मते, कागद वाचता येणे किंवा वाचता येतो असे भासवणे हेच राहिले आहे.

हे बीडमध्येच एवढे ठळक का दिसते, याचे उत्तर निजामी राजवटीत आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. पुण्या-साताऱ्याकडे इंग्रजी अमलात वरची कचेरी इंग्रजी असली तरी गावपातळीचा आणि तालुक्याचा पुष्कळसा महसुली कागद मराठीत, आधी मोडीत आणि मग बाळबोधीत, उपलब्ध होता. आमच्याकडे पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी आली, तेव्हा राज्यकारभाराची भाषा फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचेही माध्यम उर्दूच केले. शेतकरी मात्र मराठी बोलणारा. गावचा पटवारी मोडीत हिशेब लिही, कचेरीतला अहलकार उर्दूच्या शिकस्ता वळणात लिही, आणि ज्याच्या नावाने हे सारे लिहिले जाई तो दोन्हींपुढे अंगठा उठवी. या दोन लिप्यांच्या मधल्या जागेत अर्जनवीस, वकील, पटवारी आणि दलाल यांचे संसार उभे राहिले.

कालगणनाही वेगळी. जुना दस्त हातात आला की त्यावर फसली सन असतो आणि महिन्याची नावे आजूर, दय, बहमन, इस्फंदार अशी इराणी असतात. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ५९० आणि पुढे ५९१ मिळवले म्हणजे इसवी सन निघतो. संस्थानचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. हक्कनोंदीचा विनियम १३५८ फसलीचा, म्हणजे निजामी सत्ता संपल्यानंतरच्या पहिल्याच वर्षातला. एका वर्षाची चूक कोणता कागद आधीचा आणि कोणता नंतरचा हे उलटे करू शकते. वारसांच्या भांडणात सारा खेळ त्यावरच असतो.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला शिवकालीन राज्यव्यवहारकोश आठवेल. रघुनाथ पंडितांनी फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, पण ते दरबाराच्या दारातून शेतापर्यंत पोचले नाहीत. जमीन, मालक, हक्क, वारस, ताबा, कब्जा, मिळकत, दस्तऐवज, तहसील हे शब्द राहिलेच. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, यातली गंमत आम्ही वर्गात नेहमी सांगतो. मराठवाड्यात मात्र हा वाद केवळ रुचीचा नव्हता. परकी संज्ञा नीट न कळणे म्हणजे बांध हलणे, असा येथला अनुभव होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'बै-बिल-वफा'. गझला वाचणाऱ्याला वफा हा शब्द ओळखीचा असतो; निष्ठा, इमान, दिलेला शब्द पाळणे. इस्लामी व्यवहारपरंपरेतून आलेल्या या दस्तात 'बै' म्हणजे विक्री आणि 'वफा' म्हणजे रक्कम फेडताच जमीन परत करण्याचे वचन. म्हणजे कागदावर विक्री आणि मनात गहाण. सावकाराला व्याज घेतल्याचे दिसू नये आणि कर्जदाराला जमीन गेल्यासारखी वाटू नये, अशी दोघांची सोय. पण विक्री कागदावर असे आणि वफा पुष्कळदा तोंडी राही. मुदत टळली, की तोंडी राहिलेल्या अर्ध्या भागाला पुरावा उरत नसे. विकणाऱ्याच्या कानावर पडलेला शब्द 'गहाण' आणि अंगठ्याखालचा शब्द 'बै'! १९२९-३० साली केशव अय्यंगार यांनी हैदराबाद संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली आणि पुढे शेतजमीन बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून संस्थानाला कायद्याचा विचार करावा लागला, यावरून हे प्रकरण किती पसरले होते ते कळते. इंग्रजी मुलखातही चित्र फार वेगळे नव्हते. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८० च्या दशकाच्या आरंभीचा. त्यात कागद लिहिणाऱ्यांच्या हातून नाडला जाणारा शेतकरी आहेच. फरक एवढाच, की त्या शेतकऱ्याला कागद कोणी मोठ्याने वाचून दाखवला असता तर त्यातले बरेचसे कळले असते. आमच्याकडच्याला वाचून दाखवूनही कळले नसते.

हा व्यवहार इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. कर्जापोटी रीतसर खरेदीखत करून देणे आणि 'पैसे फेडले की उलटून देऊ' असे तोंडी ठरवणे हे आजही ग्रामीण महाराष्ट्रात घडते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्यात सावकारीच्या व्यवहारातून बळकावलेली स्थावर मिळकत चौकशीअंती परत करण्याची तरतूद ठेवावी लागली, ती त्यासाठीच. उर्दू गेली, शब्द मराठी झाला, पण वफा अजून तोंडीच आहे.

तसाच 'राजीनामा'. आज तो मंत्र्याने द्यायचा कागद आहे. महसुली भाषेत राजीनामा म्हणजे खातेदाराने 'मी या जमिनीवरचा हक्क राजीखुशीने सोडतो' असे लिहून देणे, आणि घेणाऱ्याने त्याच्या जोडीला कबुलायत देणे. शब्दाचा पोटातला अर्थ संमतीचा आहे. ज्यांनी ते लिहून दिले त्यांतले किती जण राजी होते, हा प्रश्न शब्दाने कायमचा बंद करून टाकला.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या शब्दजोडीकडे येतो: 'खिदमतमाश' आणि 'मदतमाश'.

निजामी काळात देवळे, मशिदी, दर्गे, मठ यांना आणि काही व्यक्तींनाही जमिनी इनाम दिलेल्या होत्या. माश किंवा मआश म्हणजे उपजीविका. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली उपजीविका: दर्ग्यात दिवाबत्ती करा, मशिदीची देखभाल करा, देवाची पूजा-नैवेद्य चालवा आणि त्याबद्दल ही जमीन कसून खा. जमीन देवाची किंवा संस्थेची, कसणारा तिचा सेवक. मदतमाश म्हणजे निर्वाहाला साहाय्य. ते व्यक्तीला आणि तिच्या वंशाला दिलेले. या इनामांची चौकशी होऊन जो निकालवजा उतारा मिळे त्याला 'मुंतखब' म्हणत. साहित्यात मुंतखब म्हणजे निवडक. वेच्यांच्या संग्रहाला तो शब्द शोभतो. येथे तो इनामदाराचे नाव, जमिनीचे क्षेत्र, इनामाचा प्रकार आणि अटी निवडून नोंदवणारा सरकारी कागद होता. असा मुंतखब हे या जमिनींबाबतचे मूळ वचन.

१९४९ च्या ऑगस्टात जहागिरी रद्द झाल्या. १९५२ साली अतियात चौकशीचा कायदा आला आणि १९५४ साली हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा. या दुसऱ्या कायद्याने इनामे संपवली, परंतु धार्मिक व धर्मादाय संस्थांसाठी असलेली इनामे वगळली. परिणाम असा झाला, की मदतमाश जमीन सरकारजमा होऊन काही शर्तींवर कसणाऱ्याकडे येऊ शकली आणि पुढे नजराणा भरून तिच्या शर्तीही सैल होऊ शकल्या. खिदमतमाश जमीन मात्र देवस्थानाची किंवा वक्फची राहिली. सेवकाला ती विकण्याचा अधिकारच नव्हता. एका उर्दू शब्दातल्या दोन-तीन अक्षरांवर ती विक्रीयोग्य की अविक्रेय हे ठरू लागले. वाचणारा प्रामाणिक असेल तर तो वाटाड्या. नसेल तर खिदमतची मदत करायला एक भाषांतर पुरे.

गावोगावी गेल्या काही दशकांत हेच घडले असे सरसकट विधान आम्ही करणार नाही. पण बीड जिल्ह्यात, विशेषतः आष्टी तालुक्यात, देवस्थान आणि वक्फ इनाम जमिनींच्या हस्तांतरणाची प्रकरणे २०२१-२२ च्या सुमारास पोलिसांत गुन्हे नोंदण्यापर्यंत गेली आणि वर्तमानपत्रांत गाजली. त्यांचा निवाडा न्यायालये करतील. आम्हाला त्यात दिसते ते असे, की अशा जमिनीवर प्लॉट घेतलेला माणूस बहुधा शेवटचा आणि सर्वांत अजाण असतो. त्याच्या हाती मराठी सातबारा असतो, त्यावर मागच्या मालकाचे नाव असते, आणि मुंतखब त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो. दर्ग्याचा दिवा विझतो, देवळाचा नैवेद्य थांबतो, आणि ज्याने घामाचे पैसे घातले त्याच्या दारावर नोटीस लागते. नुकसान दोन्ही धर्मांच्या श्रद्धाळूंचे आणि एका खरेदीदाराचे. मधला तोवर दुसऱ्या वसाहतीचे फलक लावत असतो.

या संदर्भात एक अवांतर. महसुलाची थकबाकी ही मराठी संतचरित्रांतली जुनी घटना आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केली, तेव्हा विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठ्ठल बेदरला जाऊन रक्कम भरून पावती घेऊन आला. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या चरित्रातही थकबाकीपोटी बेदरला ओलीस राहण्याची कथा आहे आणि तेथेही दत्तच पैसे भरतो. लोककल्पनेला कचेरी आणि रयत यांच्यामधला विश्वासू माणूस शोधायचा झाला तर देवाशिवाय दुसरा सुचला नाही. दलाली न घेणारा मध्यस्थ म्हणून मराठी परंपरेत एवढे दोनच आम्हाला माहीत आहेत.

असो. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनाम कोश १९६२ साली निघाला, राजभाषा अधिनियम १९६४ चा. पटवाऱ्याचा तलाठी झाला, पाहणीपत्रकाच्या जोडीला सातबारा हा शब्द आला. बीडच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा सरकारी कागद आता त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच लिपीत निघू लागला, ही गोष्ट केवढी मोठी आहे हे आम्हा भाषेच्या शिक्षकांनीही पुरेसे सांगितलेले नाही. स्वामी रामानंद तीर्थ ज्या मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालयात शिकवत, तेथल्या त्या काळच्या विद्यार्थ्यांना बापाचा दस्त वाचायला उर्दू लागत होती. त्यांच्या मुलांना ती लागली नाही.

पण अंतर मिटले असे नाही. ते नव्या जागी सरकले. 'भोगवटादार वर्ग १' आणि 'वर्ग २' यांतला 'भोगवटा' हा अस्सल मराठी, जुन्या वतनी कागदांत सापडणारा शब्द. तरी वर्ग २ म्हणजे परवानगीवाचून विकता न येणारी जमीन, हा अर्थ त्या शब्दातून कोणाला कसा कळावा? मापांचेही तेच. ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. दशमान पद्धतीचा 'आर' १०० चौरस मीटरचा, गुंठ्याहून किंचित लहान. सातबारा हेक्टर-आर बोलतो, बाप एकर-गुंठे बोलतो, प्लॉटचा फलक स्क्वेअर फूट बोलतो. एका वाटणीत या तीन भाषा एकत्र आल्या की अर्धा-एक गुंठा हवेत विरतो. 'अकृषिक' हा सरकारी शब्द कोणाच्याच तोंडी बसला नाही, जमीन 'एन.ए. होते'. या दोन इंग्रजी अक्षरांचा पूर्ण उच्चार सांगू शकणारे गिऱ्हाईक विरळा, असे आमचा विद्यार्थीच सांगतो. फारसीची जागा उर्दूने, उर्दूची मराठीने, आणि मराठीची आद्याक्षरांनी घेतली.

बीडमध्ये या व्यवसायाला बहर आला तो रस्ता आणि रेल्वे यांच्या आशेवर. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडला रेल्वे प्रत्यक्ष पोचली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला, अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर. मधल्या तीस वर्षांत 'नियोजित रेल्वे स्टेशनजवळ' या दोन-तीन शब्दांवर किती प्लॉट विकले गेले असतील! 'नियोजित' हे विशेषण व्याकरणात जितके निरुपद्रवी तितके व्यवहारात नाही. घेणाऱ्यांत ऊसतोडीची कुटुंबे आहेत. मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता चालवणाऱ्या या माणसांची हौस मोठी नसते. मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी एक गुंठा. मुकादम हाही मधलाच माणूस, आणि उचलीचा हिशेबही पुष्कळसा तोंडीच.

एका गुंठ्याचे खरेदीखत तर तुकडेबंदीमुळे होत नसे. मग आठ-दहा जणांची मिळून 'सामाईक खरेदी' किंवा नुसती नोटरी. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने अशा दस्तांची नोंदणी अडवली. ५ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवले. २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आर आणि बागायतीला १० आर असे ठरले. २०२५ साली जुने तुकडे नियमित करण्याचा मार्ग शासनाने मोकळा केला. ज्याच्या हातात बाँडपेपर आहे त्याने हे चार टप्पे कोणाच्या तोंडून ऐकले असतील, याचे उत्तर वाचकाला देता येईल. स्थावर संपदा अधिनियम २०१६ चा. त्याने मध्यस्थालाही नोंदणी सक्तीची केली आणि महाराष्ट्रात २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षाही आली. दलाल हा शब्द जाऊन 'अभिकर्ता' आला. त्या अभ्यासक्रमात मराठवाड्यातल्यांसाठी मुंतखब, खिदमतमाश आणि फसली सन यांवर एखादे प्रकरण असावे, असे आम्हाला फार वाटते.

कारण ही जुनी भाषा संपलेली नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतले निजामकालीन दप्तर पुन्हा उघडले गेले. तेव्हा उर्दू शिकस्ता आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. जे सापडले ते बहुतेक उतारवयाचे. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून मराठीचे आणि उर्दूचे विभाग एकाच इमारतीत असतात, प्राध्यापक एकाच खोलीत चहा घेतात. मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग कोठे कोठे चालतातही. पण शिकस्ता आणि मोडी शेजारी ठेवून एकच गाव, एकच गट क्रमांक दोन्हींतून वाचायला शिकवणारा वर्ग आमच्या पाहण्यात नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या जानेवारीच्या पानासाठी आम्ही 'बै' आणि 'गहाण' यांतला फरक लिहून दिला आहे. फेब्रुवारीसाठी खिदमतमाश घ्यायचे, की त्याने गिऱ्हाईक बिचकेल, यावर त्याचा अजून विचार चालू आहे.